पगार तोंडपाठ

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी एसटीतून उतरा, स्टँडवरच्या टपरीवर चहा सांगा आणि सहज विचारा, की इथल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांना पगार किती असतो. चहा उकळायच्या आत उत्तर येईल. नुसता आकडाच येईल असं नाही. महागाई भत्त्याची थकबाकी किती राहिली, पतसंस्थेचा हप्ता किती कापला जातो, वर्धेत बांधलेल्या घराचं कर्ज कधी फिटणार आणि आठव्या वेतन आयोगात गाडी कुठवर जाणार, हेही कळेल. मग दुसरा चहा सांगा आणि विचारा, की तिसरीतल्या किती पोरांना मराठीचा धडा न अडखळता वाचता येतो. टपरी एकदम गप्प होते. कुणी खिशात आगपेटी शोधतो, कुणी आभाळाकडे बघून कपाशीला आता एक पाणी पाहिजे होतं म्हणतो.

गावाला शाळेची काळजी नाही असं मला म्हणायचं नाही. काळजी पुष्कळ आहे, फक्त ती पगाराच्या दारातून आत शिरते आणि तिथेच बसून राहते.

तसा सरकारी नोकराचा पगार चोरून बघायची गोष्ट राहिलेलीच नाही. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींची यादी आहे. त्यातली दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला दरमहा मिळणारं वेतन. म्हणजे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जावर चिकटवायच्या आधीच ही माहिती तुमच्या समोर असायला हवी. प्रत्यक्षात भिंतीवरचा फलक धुळीने माखलेला असतो आणि त्यावरचे जनमाहिती अधिकारी दोन बदल्यांपूर्वीचे असतात, ती गोष्ट वेगळी. पण गावाचं कुठेच अडत नाही. कायद्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे एक अचूक आणि विनामूल्य माहिती यंत्रणा आहे. ती म्हणजे लग्न जुळवणारी मंडळी. मुलगा जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, एवढं कळलं की मुलीचा मामा त्याच्या पगारपत्रकाचा प्रत्येक रकाना सांगू शकतो. मूळ वेतन, घरभाडे भत्ता, व्यवसाय कर, फेब्रुवारीत त्या करात शंभर रुपये जास्त जातात ते का, सगळं. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो शेवटी, आवाज उतरवून विचारतो: "पोरगं २००५ च्या आधीचं का नंतरचं?"

हा प्रश्न जन्मवर्षाचा नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे जो नोकरीला लागला त्याला जुनी पेन्शन नाही. माहितीचा कायदा ऑक्टोबरात आला आणि तीन आठवड्यांत पेन्शन गेली. म्हणजे मास्तरचा पगार सगळ्यांना दिसू लागला नि त्याच सुमारास म्हातारपणचा पगार दिसेनासा झाला. मार्च २०२३ मध्ये याच पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, शाळा बंद राहिल्या, आणि टपऱ्यांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आमच्याकडच्या एका टपरीवर त्या दिवसांत चाललेला हिशेब मी अगदी जवळून ऐकला आहे.

"मास्तरले किती भेटते म्हन्ता?"

"सत्तर-बहात्तर त भेटतच असन."

"दोन मास्तर. झाले एक लाख चव्वेचाळीस. आन् पोट्टे किती शाळेत?"

"बारा."

"म्हंजे एका पोट्ट्यामागं बारा हजार. महिन्याचे! एवढ्यात त मी पोट्ट्याच्या घरी जाऊन शिकोतो, आन् वरून त्याले नाश्ता चारतो."

सगळे हसले. भागाकारात काही चूक नव्हती. तोंडी, कागद-पेन्सिल न घेता, चहाचा पेला हातात असताना केलेला भागाकार. तो करणाऱ्याचं शिक्षण विचारलं तर सातवी, त्याच गावच्या त्याच शाळेत. त्या शाळेच्या गुणवत्तेचा याहून ठोस पुरावा कुठल्याही सर्वेक्षणात सापडायचा नाही, पण तो पुरावा म्हणून कुणाच्या ध्यानातच आला नाही.

बारा पोरांची शाळा ही काही आमच्याच भागातली नवलाई नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत, आणि त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात असा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला तो याच भागाकाराच्या जोरावर. भागाकाराला एकच अडचण असते, त्याला खाली पोरं दिसतात, वाटेतला नाला दिसत नाही. आष्टी-कारंजाकडच्या एखाद्या टोकाच्या वाडीतली सहा वर्षांची पोर पावसाळ्यात तीन किलोमीटरवरच्या समूह शाळेत कशी पोचणार, याचं उत्तर बाकी शून्य असं येत नाही.

गंमत अशी, की मास्तरचा पगार आणि पोरांची कामगिरी एकाच वहीत मांडायचा सर्वांत धाडसी प्रयोग आमच्या वर्धेतच योजला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी शाळेत, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. देशभरातले शिक्षणतज्ज्ञ आणि प्रांतांचे नवेकोरे काँग्रेसी शिक्षणमंत्री आले होते. गांधीजींनी मांडलेली कल्पना ऐकून अनेकांनी चष्मे पुसले असावेत. मुलांनी शाळेत हाताचा एक उद्योग शिकावा, सगळं शिक्षण त्या उद्योगातून द्यावं, आणि त्यातून जो माल तयार होईल त्याच्या विक्रीतून निदान शिक्षकाचा पगार निघावा. स्वावलंबन ही शाळेची कसोटी.

झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा अशी एकेक माणसं तीत होती. समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिला. त्या अहवालाचा कताईचा भाग वाचताना मला दर वेळी हसूही येतं आणि आदरही वाटतो. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, वर्षाचे २८८ दिवस शाळा. कितव्या इयत्तेतल्या मुलाने टकळीवर ताशी किती सूत काढावं, ते किती नंबरचं असावं, त्याचे आणे-पै किती होतील, याची कोष्टकं मांडलेली. आणि दुसऱ्या बाजूला शिक्षकाचा पगार: शक्य तर २५ रुपये, पण २० च्या खाली कधीच नाही. इयत्ता दुसरीतल्या बंड्याने आज टकळीकडे दुर्लक्ष करून खिडकीबाहेरची खार पाहिली, तर महिनाअखेर गुरुजींच्या घरची साखर कमी पडणार, असा तो थेट संबंध होता. शाळेची कामगिरी आणि शिक्षकाचं वेतन यांचा इतका सरळ ताळेबंद आजच्या कुठल्या सल्लागार कंपनीला जमलेला नाही.

परिषदेतच प्रा. के. टी. शहांनी या स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला. पोरांच्या श्रमावर मास्तरचा पगार बेतला तर मास्तर पोराकडे शिष्य म्हणून बघेल की कामगार म्हणून, हा प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर शहांचं बरोबर होतं आणि गांधीजींचंही. हाताने शिकणारं पोर चांगलं शिकतं, हे गांधीजींचं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही पोरं शेतात, स्वयंपाकघरात, सूतकताईत गणित शिकतात. मधल्या काळात बंद पडलेली ही शाळा पुन्हा उघडली ती २००५ मध्येच. पण पोराच्या सुताला गुरुजींच्या पगाराची गाठ मारायचं मात्र देशात कुठे टिकलं नाही. गाठ सुटली ते बरंच झालं.

ती गाठ इंग्रजांनी आधी मारून पाहिलीच होती. १८६२ मध्ये विलायतेत नियम निघाला, की तपासनीस येऊन पोरांची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घेईल आणि निकालाप्रमाणे शाळेला अनुदान मिळेल. (आमचा वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला तोही १८६२ मध्येच, पण त्यात दोघांचाही दोष नाही.) परिणाम व्हायचा तोच झाला. पोरांनी पुस्तकं वाचायचं सोडून पाठ केली, मास्तरांनी तपासनिसाची वाट पाहिली, तीसेक वर्षांनी ती पद्धत गुंडाळावी लागली. अमेरिकेत तर गावोगावची वर्तमानपत्रं शाळांचे गुण आणि सरकारी नोकरांचे पगार नावानिशी छापतात. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने सुमारे सहा हजार शिक्षकांची नावं त्यांच्या मुलांच्या प्रगतीवरून काढलेल्या श्रेणीसह छापली. मग संशोधकांनी तीच माहिती थोड्या वेगळ्या रीतीने मोजली, तर कितीतरी शिक्षकांची जागा वर-खाली झाली. कालचे उत्तम मास्तर आज बेताचे झाले, आणि तेही वर्गातून न हलता.

आपल्याकडे श्रेणी देतात, पण जपून देतात. केंद्र सरकारने जिल्ह्यांसाठी केलेल्या कामगिरी निर्देशांकात ६०० गुण आणि ८३ निकष आहेत. सर्वांत वरची श्रेणी दक्ष, मग उत्कर्ष, अतिउत्तम, उत्तम, मग प्रचेष्टा एक-दोन-तीन आणि तळाला आकांक्षी एक-दोन-तीन. नापास कुणीच नाही. ज्या जिल्ह्याला शंभरात दहाही मिळाले नाहीत तोही आकांक्षी. पोरांना आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण आपण एकदा कायद्यात आणलं होतं, आणि मग तेच औदार्य जिल्ह्यांनाही दाखवलं.

या निर्देशांकाचा आकडा गावात कुणाला ठाऊक नसतो, कारण तो जिल्ह्याचा असतो. असर नावाचं सर्वेक्षण आहे, तेही २००५ पासूनचं. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, आणि घरी जाऊन पोराच्या हातात कागद देतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशातली सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत बोचरी परीक्षा. पण तीही जिल्ह्याचं चित्र सांगते, आपल्या गावच्या शाळेचं नाही. शाळेपुरती माहिती असते ती यू-डायसवर. अकरा आकडी क्रमांक, आमच्या जिल्ह्याचा २७०८ ने सुरू होणारा. त्यात खोल्या किती, शौचालयं किती, रॅम्प आहे का, पुस्तकं किती, हे सगळं मिळतं. त्या खोल्यांत बसून काय शिकलं गेलं, त्याचा रकाना नाही.

आमच्या शेजारी एक गुरुजी राहतात. सेलू तालुक्यात शाळा, वर्धेहून अपडाऊन. गावात टीकेचा पहिला मुद्दा तोच: मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता घेतात. यावर २०१९ मध्ये शासन निर्णय निघाला, की मुख्यालयी राहण्याबाबत ग्रामसभेचा ठराव हवा. त्यामुळे ज्या ग्रामसभेला एरवी गणपूर्ती होत नाही तिला मास्तरच्या घराचा विषय निघाला की माणसं जमू लागली. गुरुजींच्या बाजूने मी एवढंच सांगेन, की त्यांच्या गावात भाड्याने मिळणारी एकच खोली आहे आणि तिच्यात सरपंचाच्या भावाचं खत ठेवलेलं आहे. आणि विरुद्ध बाजूने हे, की भत्ता घ्यायचा आणि राहायचं नाही, हे गुरुजींनाही फारसं आवडत नाही, पण सोडवतही नाही.

एका रविवारी दुपारी ते ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते. मी पगार विचारला नाही, मला तोंडपाठ आहे. काय चाललंय विचारलं. म्हणाले, "आधार व्हॅलिडेशन. तीन पोरांची नावं जुळत नाहीत. आधारवर 'सार्थक', शाळेत 'सारथक'. जुळलं नाही तर संचमान्यतेत पट कमी धरतील, अन् मग मी अतिरिक्त." मग खिचडीची नोंद, मग कुठल्याशा कार्यक्रमाचे फोटो, मग केंद्रप्रमुखांनी मागवलेली तातडीची माहिती. शेवटी त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "पोरांच्या नावाचं स्पेलिंग दिवसभर तपासतो. पोरांना स्पेलिंग शिकवायला उद्या पहिला तास आहे, तेवढाच."

याच गुरुजींचा धाकटा सहकारी शिक्षणसेवक आहे. तीन वर्षं मानधन १६,००० रुपये, तेही २०२३ पासून, त्याआधी ६,००० होतं. तो दुसरीला शिकवतो. नियमित प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे २९,२०० पासून सुरू होतं आणि वर महागाई भत्ता. शेजारच्या वर्गातला अनुभवी माणूस चौपट घेतो, पाटी-खडू तोच. टपरीवरच्या हिशेबात हा सोळा हजारवाला कधी येत नाही. आणि त्याहून कधी येत नाही ती शाळेत खिचडी शिजवणारी बाई. तिचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. सकाळी सर्वांत आधी तिच्या चुलीचा धूर निघतो, आणि गावातल्या कुणालाही तिचा पगार पाठ नाही, कारण तो सांगून कुणाचा राग येत नाही, आला तर स्वतःचाच येईल.

पगाराचा आकडा एकदा पवित्र झाला, की त्याच्या मागे माणूस असण्याचीही गरज उरत नाही. आमच्या नागपूर विभागात २०२५ मध्ये ते उघडकीला आलं. शिक्षकांचा पगार शालार्थ नावाच्या प्रणालीतून निघतो, प्रत्येकाला एक आयडी. खोट्या मान्यता, खोटे आयडी आणि त्यावर वर्षानुवर्षं निघालेले खरे पगार, असं शेकडो शिक्षकांचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. इतक्या आकड्यांच्या राज्यात, इतक्या माहितीच्या कायद्यात, हे कसं दिसलं नाही? कारण पगार बघणारे पगारच बघत होते. ते शिक्षक वर्गात उभे आहेत का, हे बघायला वर्गापर्यंत जावं लागलं असतं. वर्गात शिक्षकांचे फोटो लावा असा आदेश २०२२ मध्ये निघाला होता, तेव्हा मास्तर लोक फार रागावले. आता वाटतं, फोटो आयडीवरही हवा होता.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाचं वजन काट्यावर लांबूनही दिसतं, पण त्याचा धागा किती लांब निघेल ते बोंड चिमटीत धरून ओढल्याशिवाय कळत नाही. शाळेचंही तेच. आर्वीकडच्या एका शाळेत मी तिसरीतल्या एका पोरीला धडा वाचायला लावला. बोट अक्षराखाली, ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. 'प्रार्थना'ला थांबली, 'प्रा' म्हणाली, 'र्थ' पाहून माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहिलो तर स्वतःच ओलांडलं. असरच्या कागदावर ती उताऱ्याच्या पातळीवर अडकली असती. मग मी पुस्तक मिटून विचारलं, धड्यात काय झालं? तिने गोष्ट सांगितली ती अस्सल वऱ्हाडीत, पुस्तकातल्या शेळीला स्वतःच्या घरच्या बकरीचं नाव देऊन, आणि शेवटी पुस्तकात नसलेली एक गोष्टही जोडली, की "बकरी मंग पऱ्हाटीत घुसली, आन् बाबानं लय मारलं." कुठल्या श्रेणीत टाकणार हिला? मास्तरांनी मात्र वहीत लिहिलेलं होतं: जोडाक्षरांचा सराव हवा. तेवढंच, आणि अगदी बरोबर. ती वही कुठल्याच पोर्टलवर चढत नाही.

तर पगार विचारू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. पैसा आपला आहे, कायदा आपला आहे, अवश्य विचारा. गुरुजींनाही त्याची सवय झाली आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या. बैठक महिन्यातून एकदा असते. तिथे कुणाच्या पगाराचा विषय नसतो, म्हणून गर्दीही नसते. पुढच्या बैठकीला जा. तिसरीतल्या एका पोराच्या हाती पुस्तक द्या, धडा वाचून होईपर्यंत मध्ये बोलू नका, आणि निघताना खिचडीवाल्या बाईचं मानधन कोणत्या महिन्यापासून थकलं आहे तेही विचारून घ्या.